थोरल्याचं सरळ तोंड

"आम्हाला मूळ फोटो हवेत. तुम्ही हात लावायच्या आधीचे," असं म्हणत ती बाई दुकानात शिरली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि मी एका नवरदेवाच्या कपाळावरचा घाम पुसत होतो. पडद्यावर, अर्थात. प्रत्यक्षात तो घाम येऊन तीन आठवडे उलटले होते आणि नवरदेव एव्हाना नव्याने घामाघूम व्हायला लागला असणार.

बाईंना मी ओळखलं. दोन महिन्यांपूर्वी एका घरातल्या धाकट्या मुलाच्या लग्नाचे फोटो मी काढले होते. ही त्या घरातली थोरली सून. लग्नात ती दिवसभर हातात याद्या घेऊन पळत होती, त्यामुळे निम्म्या फोटोंत तिचा फक्त खांदा आलाय.

"बसा ना," मी म्हणालो.

"बसायला आले नाही," ती म्हणाली आणि बसली.

"अल्बममध्ये काही राहिलंय का?"

"राहिलं काही नाही. जास्त झालंय. मूळ फाइली द्या, सगळ्या, आजच्या आज."

मूळ फाइली का देत नाहीत, यावर आमच्या धंद्यात एक ठरलेलं उत्तर आहे. ते द्यायला मी तोंड उघडलं तोच तिने हात वर केला.

"ते 'हॉटेलात जाऊन कच्चं पीठ मागता का' सांगू नका. मी घरून वाचून आलेय. सगळे फोटोग्राफर तेच पीठ मळतात."

माझी पंचाईत झाली, कारण मीही तेच मळणार होतो. मग नाइलाजाने खरं सांगावं लागलं.

"त्या दिवशी मी तीन हजार आठशे वेळा बटण दाबलं," मी म्हणालो. "त्यातले सहाशे चाळीस फोटो तुमच्याकडे आले. उरलेल्यांत कुणाचे डोळे मिटलेत, कुणाच्या तोंडात घास आहे, कुणाचा तरी काका मध्येच आडवा गेलाय. शिवाय कॅमेऱ्यातून निघालेली फाइल म्हणजे ओल्या फडक्यासारखी असते. राखाडी. लाल फुलं विटकरी दिसतात, नवरी तापाने फणफणल्यासारखी दिसते. ते बघून लोक विचारतील, फोटो काढायला कुठला आंधळा बोलावला होता?"

"म्हणजे तुमची अब्रू जाईल म्हणून."

"माझी जाईलच. पण तुमची जास्त जाईल. उरलेल्यांपैकी बावन्न फोटोंत तुमच्या सासूबाई तुमच्याकडे बघतायत."

"मग?"

"ते बघणं आम्ही देत नाही."

"ते मला रोज घरपोच मिळतं," ती म्हणाली. "मला ते नकोय. मला माझ्या नवऱ्याचं तोंड हवंय. वाकडं."

माझ्या मागे काचेची एक भिंत आहे. तिच्यापलीकडे माझी बायको संगणकावर बसते. फोटो मी काढतो, बघण्यासारखे ती करते. तिच्या माउसची टिकटिक थांबली. वीस वर्षांच्या संसारात ती टिकटिक दोनच कारणांनी थांबते. एक वीज गेली की, आणि दुसरं मी काहीतरी कबूल करणार असं तिला वाटलं की.

थोरलीच्या नवऱ्याला, म्हणजे त्या घरातल्या थोरल्याला, लग्नाआधी तीन आठवडे चेहऱ्याची नस सुजून अर्ध्या तोंडाचा झटका आला होता. सकाळी दात घासताना पाणी एका बाजूने गळायला लागलं तेव्हा त्याला कळलं. डावा ओठ खाली लोंबला, डावा डोळा मिटेना. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, दोन महिन्यांत जाईल. आणि ते खरंच दोन महिन्यांत गेलं, हाच पुढे सगळ्यात मोठा घोटाळा झाला.

थोरला शहरातल्या मोठ्या बसस्थानकावर उद्घोषक आहे. माइकसमोर बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगणं हे त्याचं काम. ओठ मिटत नसलेल्या माणसाला 'फलाट' म्हणता येत नाही, 'पाच' म्हणता येत नाही, आणि फलाट पाच तर अजिबातच म्हणता येत नाही. पहिल्या दिवशी त्याने प्रयत्न केला, तर पाचवरचे सगळे प्रवासी तीनवर जाऊन उभे राहिले. म्हणून त्याने सहा आठवड्यांची आजारपणाची रजा टाकली. लग्न त्या रजेतच झालं.

"आता साहेब म्हणतात, रजा खोटी आहे," थोरली म्हणाली. "धाकट्याच्या लग्नाचा फोटो कुणीतरी ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. त्यात हे दोन्ही कानांपर्यंत हसतायत. साहेब म्हणाले, अर्ध्या तोंडाचा आजारी माणूस पूर्ण तोंडाने हसतो कसा? गुरुवारी चौकशी आहे. फसवून रजा घेतली असं ठरलं तर नोकरीवरून काढतील. अठरा वर्षांची नोकरी. आणि आत्ता दाखवायला गेलं तर तोंड बरं झालेलं!"

"डॉक्टरांचं प्रमाणपत्र असेल ना?"

"साहेब म्हणतात, प्रमाणपत्रं मीसुद्धा आयुष्यात तीन आणलीत." तिने मान वाकडी करून काचेकडे बघितलं. "आमच्या ह्यांचं तोंड सरळ कुणी केलं?"

मी मघाशी सांगितलं नाही ते आता सांगतो. लग्नानंतर आठव्या दिवशी थोरल्याच्या मातोश्री एकट्या दुकानात आल्या होत्या. हातात लिफाफा, लिफाफ्यात थोरल्याचा ओळखपत्रावरचा जुना फोटो. "नव्या सुनेच्या माहेरचे अल्बम बघणार," त्या म्हणाल्या होत्या, "थोरल्याचं तेवढं नीट करा. आजार दोन महिन्यांत जाईल हो, पण अल्बम चाळीस वर्षं राहणार." लग्नाचं काम त्यांनीच दिलेलं, गिऱ्हाईक त्या. आणि माझी बायको लग्नाआधी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घडवायची. तोंड हा तिचा हळवा विषय आहे. तिने चार दिवस खपून थोरल्याचं तोंड सत्तेचाळीस फोटोंत सरळ केलं. ओळखपत्रावरचा ओठ उचलायचा, लग्नातल्या चेहऱ्यावर बसवायचा, कातडीचा रंग जुळवायचा. इतकं बेमालूम काम की मलाच दोनदा विचारावं लागलं, झालं का करून? थोरल्याला मात्र कुणी काही विचारलं नाही. त्याचं तोंड होतं, पण त्यात त्याचा संबंध आहे असं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"मी केलं," बायको काचेमागून बाहेर येत म्हणाली.

"छान केलंत," थोरली म्हणाली. "नोकरी जाईल इतकं छान."

तेवढ्यात माझा फोन वाजला. मातोश्री. त्यांना घरबसल्या सगळं कळतं.

"आमची सून तिथे आलीय ना? तिला एक फाइल द्यायची नाही. गिऱ्हाईक मी आहे, ती नाही. घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडायला निघालीय. नव्या व्याह्यांना कळलं तर काय सांगू, की आमच्या घरात असले आजार असतात?"

"पण काकू, थोरल्याची नोकरी…"

"नोकरी सांभाळायला तो समर्थ आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी बायकोकडे बघितलं. "आपण मूळ फाइली देत नाही," मी म्हणालो. "नियम आहे."

"नियम मीच केलाय," ती म्हणाली. "तुम्ही तर पहिल्या लग्नात सगळ्याच्या सगळ्या देऊन मोकळे झाला होतात. त्या नवरीच्या मावशीने पुढे वर्षभर फोन करून छळलं होतं, माझी हनुवटी इतकी का दिसते म्हणून." आणि तिने कपाटातून डिस्क काढली.

मूळ फोटो पडद्यावर उघडला. राखाडी हॉल, विटकरी फुलं, आणि त्यात थोरला. डावा गाल ओल्या कापडासारखा खाली आलेला, डावा डोळा सताड उघडा, आणि उजव्या बाजूने तो बिचारा पाहुण्यांशी हसायचा प्रयत्न करतोय. अर्धं तोंड लग्नाला आलेलं आणि अर्धं घरी राहिलेलं.

थोरली पडद्याजवळ वाकली. मग म्हणाली, "इतकं होतं?"

"इतकंच होतं," बायको म्हणाली.

"घरी इतकं वाटत नव्हतं." लगेच तिने आवाज कडक केला. "छापून द्या. मोठे."

मंगळवारी मी स्वतः थोरल्याबरोबर बसस्थानकाच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, तांत्रिक बाब आहे, जाणत्या माणसाने समजावलेली बरी. थोरला वाटेत काही बोलला नाही. लोकांना दिवसभर ऐकू जाण्याची नोकरी असलेला माणूस एरवी फार बोलत नसावा.

साहेबांच्या टेबलावर दोन चष्मे होते. लांबचा लावून त्यांनी आमच्याकडे बघितलं, जवळचा लावून फोटोंकडे.

"फोटो खोटं बोलत नाही," ते म्हणाले.

"साहेब, फोटो मी काढतो," मी म्हणालो. "तेवढं मला सांगू नका."

"हा सरळ तोंडाचा फोटो स्वच्छ आहे. आणि हा तुमचा मूळ म्हणताय तो खराब आहे. ह्यात सगळेच आजारी दिसतायत. नवरीलाही रजा देऊ का?"

मग मी समजावायला बसलो. की कॅमेरा फक्त उजेड गोळा करतो, रंग नंतर माणूस ठरवतो. की मूळ फाइल अशीच मरगळलेली असते. की आम्ही ती देत नाही ती ह्याच कारणासाठी, कारण तिला कुणी खरं मानत नाही. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे हा मूळ फोटोसुद्धा पडद्यावर दिसण्यासाठी कुणीतरी काहीतरी ठरवतंच ना?"

"तसं बघायला गेलं तर…"

"म्हणजे हाही केलेलाच."

माझ्या शेजारी थोरल्याने डोळे मिटले. उजवा आधी मिटला, डावा किंचित मागून. माझी पदवी तत्त्वज्ञानातली आहे. तिचा उपयोग झाला तो हा असा.

मी घाईघाईने सत्तेचाळीस सरळ फोटो टेबलावर मांडले. "बघा साहेब, सगळीकडे एकच तोंड आहे. जेवताना तेच, रडताना तेच. हे तोंड तुमच्या ओळखपत्रावरचं आहे. ताडून बघा."

साहेबांनी थोरल्याचं ओळखपत्र मागवलं, ताडून बघितलं आणि खूश झाले.

"म्हणजे कर्मचारी ओळखपत्राप्रमाणेच दिसतो," ते म्हणाले. "मग तक्रार काय आहे?"

"साहेब," थोरला पहिल्यांदा बोलला. आवाज भरीव, खर्जातला. त्या खोलीत एकदम गाडी लागल्यासारखं वाटलं. "मी आजारी होतो."

"असाल. पण मी मानायचं कशावरून? ह्यांनी लिहून दिलं म्हणून? हे धंदेवाले, उद्या माझं नाकसुद्धा आपणच बसवलंय म्हणून लिहून देतील." त्यांनी चष्मा बदलला. "ज्यांनी तोंड सरळ करायला सांगितलं, त्यांचा लेखी जबाब आणा. स्वतःच्या अक्षरात. दोन्ही फोटोंच्या पाठीमागे त्यांची सही. एखादा परका माणूस तुमच्यासाठी खोटं लिहील, पण आपण लपवाछपवी केली असं स्वतःवर कोण लिहून घेतो? ते आलं तर मी मानेन. गुरुवारी अकरा वाजता."

"आणि नाही आणलं तर?"

"तर घरी बसा. तोंड कसंही ठेवा."

मला साहेबांचा राग आला होता, पण परतताना वाटलं, माणूस मूर्ख नाही. त्याने नेमकी तीच गोष्ट मागितली जी मिळणं सगळ्यात अवघड होतं.

बुधवारी दुपारी तिघंही दुकानात आली. मातोश्री आधी आत आल्या आणि गिऱ्हाइकांना फोटोसाठी बसवतो त्या उंच खुर्चीवर बसल्या, बहुधा तीच सगळ्यात उंच म्हणून. थोरली उभी राहिली. थोरला दाराशी, आत आणि बाहेर यांच्या बरोबर मध्ये. काउंटरवर दोन मोठे फोटो ठेवलेले, एक सरळ, एक वाकडा. शेजारी कोरा कागद आणि पेन.

"मी असं काही सांगितलंच नव्हतं," मातोश्रींनी सुरुवात केली.

माझ्या बायकोने खणातून लिफाफा काढून काउंटरवर ठेवला. वर मातोश्रींच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: *थोरला. तोंड असं हवं.*

मातोश्रींनी तो लिफाफा दुसऱ्या कुणाचं पत्र चुकून आल्यासारखा उलटसुलट बघितला. "अक्षर माझं आहे. म्हणून काय झालं?"

"म्हणून सही करा, आई," थोरली म्हणाली.

"तू मला शिकवू नकोस. तुला नवऱ्याचं तोंड ऑफिसात फिरवायची हौस. मी ते झाकलं, तू उघडं पाडलंस. ह्यात वाईट कोण?"

"झाकलंत म्हणून नोकरी चाललीय."

"मी आई आहे त्याची! माझ्या पोराचं तोंड वाकडं असलेलं भिंतीवर लावू? येणारे-जाणारे विचारतील, ह्याला काय झालं? जन्मभर उत्तरं देत बसू?"

"दोन महिने मी दिलीच ना उत्तरं. शेजारी, भाजीवाला, शाळेतल्या बाई. आणि सहा आठवडे नळीने पाणी पाजलं, ओघळ पुसले, डोळ्यात थेंब घालून वर पट्टी लावली. तुम्ही त्या दिवसांत ह्यांच्याशी भिंतीकडे बघून बोलत होतात."

"मला बघवत नव्हतं!"

"मला बघवत होतं? मला फक्त सुट्टी नव्हती."

माझ्या दुकानात सहसा लोक हसतात. मीच सांगतो त्यांना, हसा म्हणून. मी पेनचं टोपण काढून पेन मातोश्रींच्या जवळ सरकवलं. त्यांनी ते उचललं. मग त्यांची नजर आमच्या दर्शनी भिंतीवर गेली. चांगल्या कामाचे नमुने म्हणून काही मोठे फोटो मी तिथे लावतो, आणि त्यांच्या कुटुंबाचा फोटो त्यांतच होता. अकरा माणसं, मधोमध मातोश्री, उजव्या हाताला थोरला सरळ तोंडाने, त्याच्याशेजारी थोरली.

"सही करते," त्या म्हणाल्या. "एका अटीवर."

कुणीच विचारलं नाही. तरी त्यांनी सांगितलं.

"आमच्या हॉलमध्ये लावायला ह्याचीच मोठी प्रत हवीय मला. पण त्यातून हिला काढा. घरातलं बाहेर नेणारी बाई मला रोज सकाळी भिंतीवर नको."

मी काही म्हणणार तोच थोरली म्हणाली, "काढा."

"ताई, पण…"

"काढा हो. मला काय त्या भिंतीवर संसार थाटायचाय? लगेच काढा. आईंनी मन बदलायच्या आत."

मातोश्री माझ्या बायकोला म्हणाल्या, "तुम्हाला येतं ना माणूस काढता? तोंड बसवता तर छान."

बायको काचेमागे जाऊन बसली. दाराशी थांबलेला थोरला सोडून आम्ही सगळे तिच्या पाठीशी उभे राहिलो. माणूस काढणं हे तोंड सरळ करण्यापेक्षा सोपं असतं, हे मी त्या दिवशी नव्याने बघितलं. मागे पडदा होता, एकसारख्या चुण्यांचा. बायको शेजारच्या चुण्या उचलून थोरलीवर ठेवत गेली. आधी डोकं गेलं, मग खांदे, मग हातातली यादी. थोरली स्वतःला जाताना बघत उभी होती आणि मध्येच म्हणाली, "डावीकडे माझा पदर राहिलाय." बायकोने तो काढला.

वीस मिनिटांत जागा मोकळी झाली. दहा माणसं आणि पडदा.

"झालं?" मातोश्रींनी विचारलं.

"नाही," बायको म्हणाली आणि चित्र मोठं केलं.

थोरल्याच्या बाहीवर, कोपराच्या जरा वर, चार बोटं होती. त्या दिवशी तो प्रत्येक फोटोला तोंड फिरवत होता, म्हणून थोरलीने त्याला कोपरापाशी घट्ट धरून कॅमेऱ्याकडे वळवून उभं केलं होतं. बाई गेली होती. बोटं तशीच.

"तीही काढा," मातोश्री म्हणाल्या.

"ती राहू द्या," थोरला दारातून म्हणाला.

मातोश्रींनी पेनला टोपण लावलं. "मग मी सही करत नाही."

"नको करूस."

त्याचा तो आवाज. अठरा वर्षं ज्या आवाजाने हजारो माणसांना हा फलाट सोडून त्या फलाटावर जायला लावलं, त्या आवाजाने सांगितल्यावर कुणीही हललं असतं. मातोश्री हलल्या नाहीत. त्यांना तो आवाज फुटायच्या आधीपासून माहीत होता.

"अहो, उद्या अकराला चौकशी आहे," थोरली म्हणाली.

"असू दे."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. बोटं काढायची नाहीत."

थोरली वळली. तिला गहिवरून आलं असेल असं एखाद्याला वाटेल, म्हणून सांगतो, ती भडकली होती.

"सहा आठवडे तुम्हाला बोलता येत नव्हतं तेव्हा सगळं मी बोलले. डॉक्टरांशी, साहेबांशी, आईंशी. आता सगळं जमत आलंय तर मध्येच बोलायला लागू नका! चार बोटांसाठी नोकरी घालवणार? ही बघा, माझ्या हाताला आहेत अजून." तिने हात त्याच्या नाकासमोर धरला. मग माझ्या बायकोला म्हणाली, "काढा."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. ते मी मातोश्रींकडून शिकलो होतो.

तिने एकेक बोट काढलं. तर्जनी, मधलं, अनामिका पटापट गेली. करंगळीला वेळ लागला, कारण तिची सावली बाहीच्या घडीत उतरली होती आणि सावली काढली की घडी खोटी दिसायची. शेवटी बायकोने घडीच काढून टाकली. थोरल्याची बाही इतकी गुळगुळीत झाली की त्याला त्या दिवशी कुणी स्पर्शही केला नसावा असं वाटलं.

मातोश्रींनी टोपण काढलं आणि लिहिलं. अक्षर तेच, लिफाफ्यावरचं. *माझ्या थोरल्या मुलाचं तोंड लग्नाच्या दिवशी आजाराने वाकडं होतं. फोटोत ते मी सरळ करून घेतलं. त्याला विचारलं नव्हतं.*

तिसरं वाक्य साहेबांनी मागितलं नव्हतं. कुणीच मागितलं नव्हतं. थोरलीने कागद वाचला, आणि बहुधा त्या वाक्यावर काहीतरी बोलायचं तिच्या मनात आलं, पण ती एवढंच म्हणाली, "तारीख घाला." मातोश्रींनी तारीख घातली, दोन्ही फोटोंच्या पाठीवर सह्या केल्या, आणि पेन माझं असूनही पर्समध्ये टाकलं.

तिघं एकाच गाडीतून आली होती, त्यामुळे एकाच गाडीतून जावं लागलं. मातोश्री पुढे बसल्या. मागे थोरला एका खिडकीशी आणि थोरली दुसऱ्या खिडकीशी, मध्ये तो कागद.

गुरुवारी साहेबांनी जबाब दोन्ही चष्म्यांनी वाचला, फायलीला लावला आणि रजा खरी ठरवली. म्हणाले, आईनेच लिहून दिलंय म्हणजे प्रश्नच मिटला. थोरला त्याच दुपारी माइकसमोर बसला. हे मला थोरलीने फोनवर कळवलं. आभार मानायला नव्हे. मूळ फाइली आता पुसून टाका, त्या तोंडाचं आणखी कुणाला काही करू देऊ नका, हे बजावायला.

शनिवारी मी कुटुंबाच्या फोटोची मोठी प्रत, चौकटीत बसवून, त्यांच्या घरी पाठवली. तासाभरात मातोश्रींचा फोन आला.

"फोटो पोचला. काम स्वच्छ आहे. पण थोरल्याच्या शेजारी फार मोकळं दिसतंय हो. आलेला प्रत्येक जण विचारतो, इथे कुणी होतं का? तिथे काहीतरी टाका. एखादी झाडाची कुंडी वगैरे."

"टाकतो," मी म्हणालो. "कुंडी केवढी हवी?"

पलीकडे पावलं वाजली. त्या बहुधा फोटोसमोर जाऊन हाताने मोजत असाव्यात.

"तिच्याएवढीच लागेल," त्या म्हणाल्या.